वेठ आणि सेवा

(शास्त्रपाठ: नहेम्या, अध्याय 3, मत्तय 5:41)



उन्हाळा लागला की खेडोपाडी निरनिराळी बोलावणी येऊ लागतात. कोठे गावकरी नाल्याचा गाळ काढण्यासाठी श्रमदान ठरवितात. कोठे तालुक्याच्या गावचा रोटरी अथवा लायन्स क्लब नेत्रतपासणीचे किंवा रक्तदानाचे शिबिर भरवितो आणि दहावीस स्वयंसेवक मागतो. कोठे महिला मंडळ शाळेचे आवार झाडावयास निघते. अशा वेळी मंडळीतील माणसे उपदेशकास विचारतात, "आपण जावे काय?" हा प्रश्न लहान दिसतो, परंतु तो लहान नाही. त्याच्या मुळाशी आपल्या वाडवडिलांचे फार जुने दुखणे आहे. ते दुखणे झाकून ठेवून सेवेचा उपदेश करणे खरेपणाचे होणार नाही. म्हणून आज आपण तेच प्रथम उघडून पाहू.

काही वर्षांमागे मी एका गावी शनिवारच्या सायंप्रार्थनेस गेलो होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्रार्थना झाल्यावर तेथील उपदेशकाने कळविले की, उद्यापासून आठ दिवस ओढ्यावर बांध घालण्यासाठी श्रमदान आहे व सरपंचांनी आपल्या वस्तीलाही बोलाविले आहे. तरुण मुले उत्साहाने उठली. तेव्हा भिंतीला टेकून बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मास्तर, माझ्या बापाने ह्या गावचे फुकट काम जन्मभर केले. त्याला वेठ म्हणत. आता त्याच गावचे फुकट काम माझ्या नातवाने केले तर त्याला श्रमदान म्हणावयाचे काय? आणि ज्या विहिरीवर माझ्या आईला घागर बुडवू दिली नाही, त्या विहिरीचे पाणी वाढावे म्हणून आम्ही टिकाव उचलावा?"

सर्व मंडळी गप्प झाली. उपदेशकाने माझ्याकडे पाहिले. मी जी दोन वचने नेहमी सांगत असे, ती मला आठवली. पण ती त्या म्हाताऱ्या बाबांच्या तोंडावर सांगण्यास माझी जीभ उचलेना. त्या रात्री मी उत्तर दिले नाही. पुढे पुष्कळ दिवस मी ह्या प्रश्नाचा विचार केला, आणि देवाच्या वचनात मला जे आढळले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट: वेठ काय होती हे विसरू नये

ज्यांस ठाऊक नाही अशा तरुणांकरिता सांगतो. गावगाड्यात काही जातींच्या वाट्यास जी कामे आली, ती कोणी मागून घेतलेली नव्हती. सरकारी अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहणे, मेलेली गुरे ओढणे, मर्तिकाची खबर उन्हापावसात परगावी पोहोचविणे, वेशीची राखण करणे, ही कामे बापाकडून मुलाकडे येत. मोबदला म्हणून थोडी वतनाची जमीन व दारोदार मागून आणावयाची भाकर. नाही म्हणण्याची सोय नव्हती. वतन हे नावाला मान, पण गळ्यात दोर असे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, ते ह्याच कारणास्तव. त्याच्या आदल्या वर्षी, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ओंजळीने घेतले होते. पुढे 26 जानेवारी 1950 पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बिगार व सक्तीची मजुरी बंद केली, आणि 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातील ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली.

तेव्हा त्या वृद्ध बाबांचे म्हणणे कुरकुर नव्हती. ती साक्ष होती. जो उपदेशक अशी साक्ष ऐकून न घेता लगेच "सेवा करा, सेवा करा" असे सांगतो, तो जखमेवर कापड बांधतो पण तिच्यातला काटा काढीत नाही.

दुसरी गोष्ट: प्रभूने वेठ पाहिली होती

आपला प्रभू येशू ज्या देशात वाढला, त्या देशावर रोमी लोकांचे राज्य होते. रोमी शिपायास वाटेने जाणाऱ्या कोणाही माणसाला अडवून आपले ओझे वाहावयास लावता येत असे. शेतातून येणारा शेतकरी असो की बाजारास निघालेला सुतार, त्याने आपले काम टाकून ते ओझे उचलावयाचे. आपल्या मराठी शास्त्रात ह्या ठिकाणी "वेठीस धरणे" हाच शब्द आला आहे. आपल्या वाडवडिलांच्या पाठीवर जो शब्द कोरला गेला, तोच शब्द डोंगरावरील प्रवचनात प्रभूच्या मुखी येतो. त्यास हे दुःख पुस्तकातून कळले नव्हते. गालीलाच्या वाटांवर त्याने ते पाहिले होते.

आणि तो काय सांगतो? ज्याने तुला एक कोस नेले, त्याच्याबरोबर तू दोन कोस जा. हे वचन पुष्कळ वेळा चुकीच्या रीतीने सांगण्यात आले आहे. जणू काय प्रभू दबलेल्यांस म्हणतो की, आणखी दबून राहा! तसे असते तर तो उपदेश शिपायाच्या सोयीचा झाला असता. नीट पाहा. पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा आहे. त्यात चालणाऱ्याची इच्छा कोणी विचारली नाही. परंतु दुसऱ्या कोसाच्या आरंभी शिपाई ओझे परत घ्यावयास हात पुढे करतो, तेव्हा चालणारा म्हणतो, "राहू द्या, मी आणखी येतो." त्या क्षणी सर्व काही पालटते. आता हुकूम संपला. आता जो चालत आहे तो गुलाम नव्हे, तो देणारा आहे. आणि शिपाई घेणारा झाला. पाठीवरचे ओझे तेच, रस्ता तोच, घाम तोच, पण माणूस दुसरा झाला आहे.

बंधूंनो, वेठ आणि सेवा ह्यांत फरक आहे तो हाच. कामावरून दोहोंची ओळख पटत नाही. उकिरडा साफ करणे वेठही असू शकते आणि सेवाही असू शकते. ज्यास "नाही" म्हणता येते, त्याचेच "होय" हे सेवा ठरते.

यास्तव एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आज आपल्या देशात पहिल्या कोसाचा हुकूम कायद्याने नाहीसा झाला आहे. अजूनही जर कोणी तुमच्या जातीकडे बोट दाखवून, "हे तुमचे काम, तुम्हीच करावयाचे," असे म्हणून फुकट राबवू पाहील, तर त्यास नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा, आणि गरज पडल्यास कायद्याचा आश्रय घ्या. पौलानेही आपण रोमी नागरिक असल्याचे सांगून फटके चुकविले, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. असे नाही म्हणण्यात पाप नाही. परंतु जेथे हुकूम नाही, जेथे शेजाऱ्याने शेजाऱ्यास हाक मारली आहे, तेथे मागच्या दुःखाकरिता घरी बसून राहणे म्हणजे संपलेल्या वेठीस आपल्या मनावर अजून राज्य करू देणे होय.

तिसरी गोष्ट: खरे सेवाकार्य कसे ओळखावे

आता कोणी विचारील, "बोलावणे शेजाऱ्याचे आहे की मालकाचे, हे कसे समजावे?" ह्याचे उत्तर नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तो अध्याय वाचताना पुष्कळांस कंटाळा येतो, कारण त्यात नावांची लांबच लांब यादी आहे. पण ती यादी म्हणजे एका श्रमदानाची हजेरी आहे. यरुशलेमेचा कोट पडला होता, वेशी जळाल्या होत्या. कोटाचे तुकडे पाडून ते घराघरांस वाटून देण्यात आले आणि बावन्न दिवसांत काम पुरे झाले.

त्या हजेरीत कोण कोण आहेत ते पाहा. आरंभीच मुख्य याजक एल्याशीब व त्याचे भाऊ आहेत. धर्माचे काम वेगळे आणि दगडमातीचे काम वेगळे, असे ते म्हणाले नाहीत. सोनार आहेत, अत्तर विकणारे गंधी आहेत. ज्या हातांस तोळामाशाची सवय, त्यांनी दगड उचलले. यरुशलेमेच्या अर्ध्या भागाचा अधिकारी शल्लूम आहे, आणि त्याच्या कन्याही आहेत. मुलींनी बांधकामावर कशास यावे, असे त्या काळीही कोणी म्हटले असेल. पण हजेरीत त्यांची नोंद झाली आणि ती आजवर वाचली जाते. आणि उकिरड्याची वेस कोणी बांधली? एका प्रांताच्या सरदाराने, मल्कीयाने. ते काम कोणा हलक्या जातीवर लोटण्यात आले नाही. सरदाराने स्वतः ते घेतले.

एक नोंद मात्र दुःखाची आहे. तकोवाच्या सामान्य लोकांनी आपला भाग बांधला, पण त्यांच्या थोरांनी कामास मान लाविली नाही. पवित्र आत्म्याने ही गोष्ट गाळली नाही. कोण आले ह्याची नोंद जशी आहे, तशीच कोण आले नाही ह्याचीही आहे.

ह्यावरून मी उपदेशक बंधूंस एक साधी कसोटी देतो. श्रमदानास जाण्यापूर्वी विचारा, "घमेले सर्वांच्या डोक्यावर आहे काय?" पाटील, सरपंच, मास्तर, दुकानदार व आपली वस्ती एकाच रांगेत उभी असेल, तर ते नहेम्याचे काम आहे. काही लोक सावलीत बसून बोट दाखवीत असतील व काही उन्हात खणत असतील, तर ती जुनी वेठच नवे नाव घेऊन आली आहे.

दुसरा प्रश्न विचारा, "हे पाणी कोणाचे?" हा प्रश्न विचारण्यास लाजू नका. ओढ्यावर बांध झाला, डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, म्हणजे जमिनीत पाणी मुरते. पण ते वर येते ते ज्याच्या शेतात विहीर आहे त्याच्याकडे. भूमिहीन मजुराने आठ दिवसांची मजुरी बुडवून दुसऱ्याच्या उसाला पाणी आणावे, हा न्याय नव्हे. म्हणून ग्रामसभेत आधीच बोला: पिण्याचे पाणी आपल्या वस्तीपर्यंत येईल ना? गवत व गाळ ह्यांत भूमिहीनांचा वाटा आहे ना? ज्या कामास रोजगार हमीची मजुरी मिळते, ती मजुरी घेण्यात कमीपणा नाही. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे प्रभूनेच शिकविले आहे.

चौथी गोष्ट: आपल्याच भागातील व काळातील उदाहरणे

हे सर्व शास्त्रातच राहते असे समजू नका. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, जामखेड हे गाव आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे तेथे गेले. दोघेही ख्रिस्ती, दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. शहरात त्यांस धन व मान सहज मिळाला असता. तो दुष्काळी मुलूख त्यांनी निवडला. परंतु त्यांच्या कामाची थोरवी केवळ स्वतः गेले ह्यात नाही. त्यांनी गावोगावच्या लोकांस उभे केले. पुरुषांची शेतकरी मंडळे झाली, स्त्रियांची महिला मंडळे झाली. सर्व जातींच्या माणसांनी एका जाजमावर बसून आपल्या गावाच्या आजाराचा व पाण्याचा विचार करावयाचा, हा त्या मंडळांचा नियम. ज्या बायांस अक्षरओळख नव्हती, ज्यांतील कित्येक गावाबाहेरच्या वस्तीतल्या होत्या, त्या शिकून आपापल्या गावच्या आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबावर मीठसाखरेचे पाणी, कुष्ठरोग व क्षय ह्यांची ओळख, हे सर्व त्या सांगू लागल्या. ज्या हातचे पाणी कालपर्यंत चालत नव्हते, तेच हात उच्च कुळातील बाळाला प्रथम झेलू लागले.

आणि पाण्याच्या बाबतीत त्यांनी जे केले ते आपल्या त्या वृद्ध बाबांनी ऐकावे असे आहे. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदावयाच्या होत्या, तेव्हा त्या दलितांच्या वस्तीत खोदल्या जातील अशी तजवीज त्यांनी केली. पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने त्या वस्तीत यावे! त्यासाठी त्यांनी भांडण केले नाही की व्याख्यान दिले नाही. त्यांच्या कामाबद्दल 1979 मध्ये त्या पतिपत्नीस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई 1999 मध्ये व डॉ. रजनीकांत 2011 मध्ये प्रभूकडे गेले. काम मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही.

अलीकडे 2016 पासून 2019 पर्यंत पानी फाउंडेशनने महाराष्ट्रात जलसंधारणाची स्पर्धा घेतली. आरंभी वरुड, कोरेगाव व अंबाजोगाई हे तीनच तालुके होते. पुढे ते शहात्तरांपर्यंत गेले. उन्हाळ्यातील सुमारे पंचेचाळीस दिवस गावाने आपल्या हातांनी माती अडवावयाची. नहेम्याचे बावन्न दिवस आणि हे पंचेचाळीस! ज्या गावांत जुनी भांडणे मिटून सर्व घरांतून माणसे आली, तेथे काम उभे राहिले. जेथे तकोवाच्या थोरांप्रमाणे काही सावलीत बसले, तेथे ते अडखळले.

आता शहराकडच्या क्लबांविषयी. आपल्यातील काहींस वाटते की, "रोटरी, लायन्स ही जगाची मंडळे, आपला त्यांच्याशी काय संबंध?" रोटरीचा आरंभ 1905 मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने केला, आणि लायन्सचा 1917 मध्ये त्याच शहरी झाला. ही धर्ममंडळे नव्हेत हे खरे. पण शोमरोनीही आपल्या मंडळीचा नव्हता, तरी जखमी मनुष्याजवळ थांबला तो तोच. 1985 मध्ये रोटरीने पोलिओ जगातून घालविण्याचे व्रत घेतले. भारतात 1995 पासून लहान मुलांस ठरलेल्या दिवशी दोन थेंब पाजण्याची मोहीम सुरू झाली. तो दिवस बहुधा रविवार असे. एका फेरीस वीस लाखांहून अधिक माणसे लागत. त्यांत सरकारी परिचारिका व अंगणवाडीच्या बाया होत्या, तसेच क्लबांचे व गावांचे स्वयंसेवकही होते. बर्फाची पेटी खांद्यावर, दारोदार फिरणे, डोस पाजल्यावर मुलाच्या करंगळीस शाई लावणे, आणि ज्या घराने दार लावून घेतले तेथे पुन्हा जाणे. 2009 मध्ये देशात 741 मुलांस पोलिओ झाला. 2010 मध्ये 42. आणि 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यातील एका लहान मुलीस झालेला आजार हा शेवटचा ठरला. 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला सर्व दक्षिणपूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले.

आपल्या लहानपणी पाय ओढीत चालणारी मुले कोणी पाहिली नाहीत? आज शाळेच्या अंगणात ती दिसत नाहीत. ह्यामागे जसा वैद्यांचा शोध आहे, तसे बर्फाची पेटी वाहणाऱ्या लाखो अनामिक खांद्यांचे ओझेही आहे. तेव्हा "रविवारी उपासना सोडून बूथवर कसे बसावे?" असे विचारणाऱ्यांस मी म्हणतो, प्रभूने शब्बाथ दिवशी सभास्थानात वाळलेल्या हाताचा मनुष्य बरा केला. उपासनेची वेळ एक तास अलीकडे घ्या, आशीर्वचन घ्या, आणि तेथूनच बूथवर जा.

रक्तदानाविषयीही एक शब्द. अठरा ते पासष्ट वर्षे वयाच्या, किमान पंचेचाळीस किलो वजनाच्या व निरोगी अशा माणसास रक्त देता येते. पुरुषास तीन महिन्यांनी व स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा देता येते. त्यापूर्वी बोटातून थेंब घेऊन रक्त पुरेसे आहे की नाही हे पाहतात. ज्याच्या अंगी रक्त कमी भरेल त्याने वाईट मानू नये. त्याने पाणी वाटावे, नावे लिहावी. 1 जानेवारी 1998 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले आहे. म्हणून रोग्याचा जीव आता दात्याच्या दयेवरच अवलंबून असतो. आणि त्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत असे, त्यांच्या रक्ताने आज कोणाचा जीव वाचतो हे वाचलेल्यास कळतही नाही. ज्याने सर्व मानवजात एका रक्तापासून निर्माण केली, त्या देवाचे हे किती मुके पण मोठे प्रवचन आहे!

पाचवी गोष्ट: तीन धोके

सेवेच्या वाटेवर सैतानही चालतो. म्हणून सावध असावे.

पहिला धोका छायाचित्राचा. फलक आधी लागतो, खड्डा मागून खणला जातो. झाड एक आणि ते धरणारे हात वीस. डाव्या हातास न कळता उजव्या हाताने द्यावे, असे शिकविणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य आहो. दुसऱ्यांच्या फलकास हसत बसू नका. छायाचित्र काढून लोक गेल्यावर झाडास पाणी घालावयास राहा, म्हणजे झाले.

दुसरा धोका आमिषाचा. सेवा हे गळाला लावलेले गांडूळ नव्हे. ज्यास आपण औषध दिले, ज्याच्यासाठी रक्त दिले, त्याच्याकडून प्रार्थनेस येण्याची अपेक्षा धरू नका, तशी सूचनाही करू नका. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले. एकच परत आला. राहिलेल्या नवांची विचारपूस त्याने केली, पण त्यांचा कुष्ठ त्यांस परत लावला नाही. जी सेवा परतफेड मागते, ती दुसरा कोस नव्हे. ती उधारी आहे.

तिसरा धोका अलगपणाचा. काम सुरू होताना गावकरी नारळ फोडतात, आरती करतात. तेव्हा आपल्या मंडळीची चुळबुळ होते. जे आपल्या विश्वासात बसत नाही ते करू नये, पण तोंडही वाकडे करू नये. आदराने उभे राहा, मनातल्या मनात आपल्या स्वर्गीय पित्याकडे कामावर आशीर्वाद मागा, आणि नारळाचा आवाज विरताच पहिले घमेले तुम्ही उचला. आपल्या विश्वासाची साक्ष तेथे जितकी होईल, तितकी दूर उभे राहून होणार नाही.

समाप्ती

आता त्या गावाकडे परत जाऊ. त्या रात्री मी निरुत्तर झालो, पण तेथील उपदेशक माझ्याहून शहाणा निघाला. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर तो त्या वृद्ध बाबांस घेऊन सरपंचांकडे गेला आणि त्यांच्याच तोंडून दोन प्रश्न विचारविले: घमेले सर्वांच्या डोक्यावर असेल काय, आणि पाणी आमच्या वस्तीपर्यंत येईल काय? पहिल्यास सरपंचांनी तेथेच होय म्हटले. दुसऱ्यास ते थांबले; म्हणाले, "सभेत ठेवू." सभेत वादावादी झाली, आणि शेवटी वस्तीत नळाचा एक स्तंभ उभा करण्याचा ठराव लिहिला गेला. तो नळ यावयास पुढे दोन वर्षे लागली, हेही सांगितले पाहिजे. सर्व काही एका दिवसात होत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः ओढ्यावर आले. टिकाव उचलण्याचे त्यांचे वय नव्हते. त्यांनी घरून पाण्याचा डेरा व पितळेचा तांब्या आणविला आणि बाभळीच्या सावलीत बसून ते येईल त्यास पाणी देऊ लागले. आधी आपली मुले आली. नंतर बराच वेळ कोणी आले नाही. मग एका मोठ्या घरचा मुलगा घामाघूम होऊन आला, ओंजळ पुढे केली आणि म्हणाला, "आजोबा, घाला." त्याच्यामागून दुसरे आले. सर्वच आले असे नाही. काहींनी आपल्या बाटल्यांतलेच पाणी प्याले. पण संध्याकाळपर्यंत तो डेरा तीनदा भरावा लागला. उपदेशकाने मला पुढे कळविले की, त्या दिवशी घरी जाताना बाबा एवढेच म्हणाले, "माझ्या बापाने ओझे वाहिले तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते. आज मला विचारले, म्हणून मी आलो."

बंधुभगिनींनो, प्रभूच्या वधस्तंभाच्या वाटेवरही एक मनुष्य वेठीस धरला गेला होता. शिमोन कुरनेकर शेतावरून येत होता. शिपायांनी त्याच्या खांद्यावर तो वधस्तंभ दिला. तो त्याचा पहिला कोस होता. त्यास कोणी विचारले नाही. पण मार्क त्याच्या आलेक्सांद्र व रूफ ह्या दोन मुलांची नावे अशी घेतो की, वाचणाऱ्या मंडळीस ती माहीत असावी. ह्यावरून असे दिसते की, ते घर पुढे प्रभूच्या मागे चालू लागले. वेठीने सुरू झालेली वाट प्रेमाने पुढे गेली. तो दुसरा कोस होता.

म्हणून ह्या आठवड्यात प्रत्येक मंडळीने तीन गोष्टी कराव्या. एक, आपल्या गावात कोणते मंडळ कोणते काम करीत आहे ह्याची चौकशी करावी. दोन, वर सांगितलेले दोन प्रश्न विचारावे. तीन, उत्तर बरे आले तर नहेम्याच्या लोकांप्रमाणे आपल्या घरासमोरचा तुकडा उचलावा. फार मोठा नको, आपल्या घरासमोरचा पुरे. आणि ज्या घरातील वृद्धांच्या मनात जुनी वेठ अजून सलत असेल, त्यांस घाई करू नका. प्रथम त्यांचे ऐका. कदाचित तीच मंडळीतील पहिली सेवा ठरेल.

ज्याने स्वखुशीने आपला प्राण दिला, ज्याच्यापासून तो कोणी हिरावून घेतला नाही, तो प्रभू आपणांस दुसऱ्या कोसाचे बळ देवो. आमेन.